आकाशातले बी आणि पायाखालची माती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज मी तुम्हाला एका प्रश्नाची गोष्ट सांगणार आहे. प्रश्न माझा नाही. नववीतल्या एका मुलाने तो मला २००१ साली विचारला होता. मी तेव्हा तुळजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, आणि ते न देण्याची माझी पद्धत चांगली नव्हती.

त्या वर्षी वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. हैदराबादहून सोडलेल्या एका प्रचंड फुग्याने थेट ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा नळकांड्यांत भरून आणली, आणि त्या हवेत जिवंत पेशी सापडल्या. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असावेत, असे काही शास्त्रज्ञ म्हणत होते. आमच्या भागाला हे फुगे नवे नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून ते हिवाळ्याच्या दिवसांत सोडतात. खालची उपकरणे पॅराशूटने विशाखापट्टण, हैदराबाद, सोलापूर या रेषेच्या आसपास कुठेतरी उतरतात. आपला धाराशिव जिल्हा सोलापूरला लागूनच. पेटी सापडली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी प्रकटने आपण वाचलेली आहेत. त्यामुळे फुग्याची बातमी म्हटल्यावर वर्ग खूश झाला. मीही रंगात आलो आणि म्हणालो, "म्हणजे बघा, आपण सगळे आकाशातून आलेले पाहुणे!"

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याची आई आरोग्य केंद्रात परिचारिका होती. माणसे नगरकडची. गावातले ते एकच ख्रिस्ती घर. मुलगा म्हणाला, "सर, आमच्यात सांगतात की देवानं माणूस मातीपासून घडवला. मग बी जर वरून आलं असंल, तर ते खोटं का?"

मी म्हणालो, "ते तुमच्या पाळकसाहेबांना विचार." वर्ग हसला. तोही कसनुसा हसला आणि खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या वर्षी आईची बदली झाली आणि ते कुटुंब गेले.

हे मी विसरलो होतो असे नाही, पण मनाच्या तळाशी ढकलले होते. ते वर आले ते २०२० च्या जानेवारीत. आपल्या गावात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला होता. फादर तेव्हा पाठीच्या दुखण्याने बेजार होते, तरी आले आणि बोलले. मंडपात बसून ऐकताना मला तो शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवला.

योगायोग पाहा. त्यानंतरचे, ९४ वे संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झाले. त्याचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर, म्हणजे त्या फुग्याच्या प्रयोगामागचे एक प्रमुख शास्त्रज्ञ. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. बायबल मराठीत आणणारा धर्मगुरू आणि आकाशात जीव शोधणारा शास्त्रज्ञ, अशी दोन माणसे मराठीने लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच खुर्चीवर बसवली. फादर २०२४ च्या जुलैत गेले, नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात. या विषयावर त्या दोघांचे बोलणे झाले असते तर ऐकायला किती आवडले असते! ते आता होणे नाही. तेव्हा म्हटले, आपणच वाचावे आणि त्या मुलाचे उत्तर शोधावे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. वारकरी घरात वाढलो. जे वाचनातून समजले ते सांगतो.

जीवन पृथ्वीवर सुरू झाले नाही, ते बीजरूपाने अवकाशातून आले, या कल्पनेला 'पॅन्स्पर्मिया' म्हणतात. शब्द ग्रीक आहे. अर्थ साधा, सगळीकडे बीज. ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या विरोधकांनी काढली असेल, असे मला आधी वाटत होते. इतिहास वाचू लागलो तेव्हा चित्र वेगळेच दिसले.

जुन्या चर्चला निर्जीवापासून जीव होण्याचे वावडे नव्हते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या कथेवर भाष्य लिहिले. देवाने सृष्टीत सुप्त बीजे ठेवली आणि काळ आल्यावर ती उगवली, असे त्यांनी मांडले. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनाही कुजलेल्या पदार्थातून किडे आपोआप होतात हे मान्य होते. त्यांच्या काळी सगळेच तसे मानत. बायबलच्या पहिल्या अध्यायात देव भूमीला सांगतो आणि भूमी प्राणी उपजवते. तेव्हा मातीतून जीव निघाला तर त्यांच्या श्रद्धेला धक्का बसण्याचे कारण नव्हते.

अठराव्या शतकात या समजुतीवर मोठा वाद झाला. तो वाद घालणारे दोघेही कॅथलिक धर्मगुरू होते, हे वाचून मला गंमत वाटली. इंग्लंडच्या जॉन नीडहॅम यांनी १७४८ मध्ये मटणाचा रस्सा उकळून बाटलीत बंद केला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्मजीव दिसले. त्यांनी निष्कर्ष काढला की जीव आपोआप होतो. इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७६५ मध्ये तोच प्रयोग अधिक वेळ उकळून आणि बाटलीचे तोंड पक्के वितळवून बंद करून केला. काहीच उगवले नाही. एक धर्मगुरू हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, आणि दोघांच्या बोलण्यातला फरक आहे तो रस्सा किती वेळ उकळला याचा!

हा वाद मिटवला लुई पाश्चर यांनी. ७ एप्रिल १८६४ रोजी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात त्यांनी भरल्या सभेत आपले प्रयोग दाखवले. इथे प्रश्न धर्माचा नाही, वस्तुस्थितीचा आहे, असे ते म्हणाले. पण सभेतल्या सगळ्यांना त्यातला धर्माचा धागा दिसत होता. जीव जर आपोआप होत नसेल तर निर्माता हवा, असे एक पक्ष म्हणत होता. दुसरा पक्ष नेमका याच्या उलट सिद्ध करू पाहत होता.

या सभेला सव्वा महिनाही झाला नव्हता, तोच १४ मे १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या ओर्गेय गावी आकाशातून दगड कोसळले. काळे, ठिसूळ, कार्बनयुक्त अशनी. त्यातला एक तुकडा काचेच्या बरणीत बंद होऊन एका संग्रहालयात पडून राहिला. शंभर वर्षांनी, १९६४ मध्ये, शिकागोच्या एडवर्ड अँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. आत चक्क वनस्पतीच्या बिया निघाल्या! पण आनंद फार काळ टिकला नाही. बिया फ्रान्समध्येच उगवणाऱ्या गवतासारख्या एका वनस्पतीच्या होत्या. कुणीतरी दगड ओला करून, बिया आणि कोळशाचे कण आत दडपून, वरून डिंकासारख्या पदार्थाने लिंपून ठेवले होते. हे कुणी केले ते कधीच कळले नाही. पाश्चर यांच्या वादात कुणाची तरी फजिती करण्याचा डाव असावा, असा अंदाज आहे. पण ज्याच्यासाठी सापळा लावला तो त्याकडे फिरकलाच नाही, आणि सापळा शंभर वर्षे बरणीत राहिला. आपला पक्ष खरा करण्यासाठी माणूस काय काय करतो, याचा हा नमुना आहे.

पाश्चर यांच्या विजयातून एक नवी अडचण उभी राहिली. जीव जिवापासूनच होत असेल, तर पृथ्वीवरचा पहिला जीव कुठून आला? कारण पृथ्वी एके काळी तापलेला गोळा होती. या प्रश्नाला ज्यांनी गाजलेले उत्तर दिले ते सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन. तापमानाचे केल्विन एकक ज्यांच्या नावाने आहे ते. १८७१ मध्ये एडिंबरा येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून ते बोलले. जीव असलेल्या दुसऱ्या एखाद्या जगाची टक्कर झाली, त्याचे तुकडे उडाले, शेवाळ आणि बी अंगावर घेऊन एखादा तुकडा पृथ्वीवर पडला, असे घडले असेल, असे त्यांनी सुचवले. पुष्कळांनी थट्टा केली. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचे हे की केल्विन श्रद्धाळू ख्रिस्ती होते. त्याच भाषणाच्या शेवटी, सृष्टीत एका बुद्धिमान आणि दयाळू योजनेच्या खुणा जागोजागी दिसतात, असे त्यांनी ठासून सांगितले. बी दगडावर बसून आले असे मानायला त्यांना देव सोडावा लागला नाही. पुढे १९०३ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी दगडही काढून टाकला. प्रकाशाच्या दाबानेच सूक्ष्म बीजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे ढकलली जातात, असे त्यांचे म्हणणे होते.

आता विसाव्या शतकात येऊ. या भागातली मोठी व्यक्ती म्हणजे सर फ्रेड हॉइल, केंब्रिजमधले नारळीकरांचे गुरू. विश्व एका स्फोटातून सुरू झाले, हे हॉइल यांना पटत नव्हते. त्या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव त्यांनीच दिले, तेही १९४९ मध्ये बीबीसीच्या एका नभोवाणी भाषणात! त्यांना त्या कल्पनेत बायबलमधल्या निर्मितीचा वास येत असे. या कल्पनेचे जनक बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, त्यामुळे संशय बळावला.

पण लमेत्र काय म्हणत होते ते ऐका. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या सिद्धांताचा संबंध बायबलमधल्या प्रकाशाच्या निर्मितीशी जोडला. कुठल्याही धर्मगुरूला आनंद व्हावा असा हा प्रसंग. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, तो उद्या चुकीचाही ठरू शकतो, त्यावर श्रद्धा उभी करू नये, असे त्यांना वाटत होते. पोपने असे जोडकाम पुन्हा करू नये म्हणून त्यांनी प्रयत्न केले, आणि पोपनेही ते पुन्हा केले नाही. त्या वर्गातल्या मुलाच्या उत्तराचा पहिला धागा मला इथे सापडला.

हॉइल यांनी पुढे श्रीलंकेत जन्मलेले शास्त्रज्ञ चंद्रा विक्रमसिंगे यांच्याबरोबर पॅन्स्पर्मियाला नवे रूप दिले. धूमकेतूंतून जीवाणू येत असतात आणि अजूनही येतात, असा त्यांचा दावा होता. जीव निव्वळ योगायोगाने बनणे किती अवघड आहे, हे सांगताना हॉइल म्हणत की भंगाराच्या ढिगावरून वादळ जावे आणि त्यातून बोइंग विमान तयार व्हावे, तसे ते आहे. त्यांना सुचवायचे होते ते असे की पृथ्वी या कामाला अपुरी आहे, सगळे विश्व विचारात घ्या. अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती मंडळींना मात्र या वाक्याचा पहिला अर्धा भाग फार आवडला. बायबलमधली उत्पत्ती शब्दशः खरी आणि पृथ्वी काही हजार वर्षांचीच, असे मानणारी ही मंडळी. त्यांनी हॉइल यांचे विमान आपल्या धावपट्टीवर उतरवले.

याचा शेवट न्यायालयात झाला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्याने कायदा केला की शाळेत उत्क्रांतीबरोबर 'निर्मितीचे विज्ञान'ही शिकवावे. खटला डिसेंबरात लिटल रॉक शहरात उभा राहिला. राज्याच्या बाजूने साक्ष द्यायला आले विक्रमसिंगे! त्यांनी जीवन पृथ्वीवर आपोआप झाले असणे अशक्यप्राय असल्याचे सांगितले. पण उलटतपासणीत प्रश्न आला, पृथ्वी दहा लाख वर्षांहून लहान असेल असे कुणी विवेकी शास्त्रज्ञ मानेल का? त्यांनी स्पष्ट सांगितले, नाही मानणार. ज्यांनी बोलावले त्यांचाच पाया त्यांनी काढला. न्यायमूर्ती विल्यम ओव्हरटन यांनी ५ जानेवारी १९८२ रोजी तो कायदा रद्द केला.

आणि आता यातली खरी गोष्ट. या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले कोण? नास्तिक असतील, असे तुम्हाला वाटेल. पहिले नाव होते रेव्हरंड विल्यम मॅक्लीन यांचे, मेथडिस्ट पंथाचे धर्मगुरू. त्यांच्याबरोबर मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि रोमन कॅथलिक बिशप होते. आपल्या मुलांना विज्ञानाच्या तासाला धर्म शिकवू नका, आणि आमच्या श्रद्धेला खोट्या विज्ञानाचा टेकू देऊ नका, असाच त्यांच्या भूमिकेचा अर्थ होता. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. "पाळकसाहेबांना विचार" असे मी चेष्टेने म्हणालो होतो. पाळकसाहेबांनी माझ्यापेक्षा बरे उत्तर दिले असते, अशी दाट शक्यता होती.

ख्रिस्ती विचारात एकच सूर आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ढोबळ मानाने तीन सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, उत्पत्तीत लिहिले आहे ते जसेच्या तसे घडले. अवकाशातले बी वगैरे देवाला टाळण्याची पळवाट आहे. या संशयाला थोडा आधारही आहे. १९७३ मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी लिहिले की कुणा प्रगत परग्रहवासीयांनी मुद्दाम यानातून जीवाणू पाठवले असतील. क्रिक हे डीएनएच्या रचनेचे शोधक आणि धर्माचे उघड विरोधक. देव नको म्हणून परग्रहवासी आणले, अशी टीका तेव्हा झाली.

दुसरा सूर काळजीचा आहे. इतर जगांत जीव असतील, बुद्धिमान प्राणी असतील, तर ख्रिस्ताचे बलिदान त्यांच्यासाठीही का? हा प्रश्न आजचा नाही. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपनी, देवाला अनेक जगे निर्माण करता येणार नाहीत, हे मत चुकीचे ठरवले होते. म्हणजे दार तेव्हाच किलकिले झाले. सोळाव्या शतकात ल्यूथरचे सहकारी मेलांक्थॉन यांनी मात्र अनेक जगांची कल्पना नाकारली, ख्रिस्त एकदाच जन्मला आणि एकदाच मेला म्हणून. हा वाद अजून मिटलेला नाही.

तिसरा सूर गेल्या काही वर्षांत जास्त ऐकू येतो, आणि तो व्हॅटिकनच्या वेधशाळेतून येतो. २००८ च्या मे महिन्यात वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर होसे फ्युनेस यांची मुलाखत व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रात छापून आली. संत फ्रान्सिस सगळ्या प्राण्यांना भाऊबहीण म्हणत, मग परग्रहावरच्या जिवालाही भाऊ म्हणायला काय हरकत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, पोपच्या विज्ञान अकादमीने अवकाशातल्या जीवनाच्या शोधावर चर्चासत्र घेतले. या वेधशाळेचा अशनींचा संग्रह नावाजलेला आहे. तो वर्षानुवर्षे सांभाळणारे ब्रदर गाय कॉन्सोल्मान्यो यांना लोक विचारत, तुम्ही परग्रहवासीयाला बाप्तिस्मा द्याल का? त्यांचे उत्तर असे, की त्याने मागितला तर देऊ. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांच्या जागी आले ते फादर रिचर्ड डिसोझा, आपल्या शेजारच्या गोव्याचे जेझुइट.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे. जीव इथल्या तळ्यात सुरू झाला की मंगळावर, हा पत्त्याचा प्रश्न आहे. पत्र कुठल्या टपाल कार्यालयातून निघाले हे शिक्का पाहून कळते. पत्र कुणी आणि का लिहिले हे शिक्क्यावरून कळत नाही. पॅन्स्पर्मिया खरा ठरला तरी पहिला जीव कसा झाला हा प्रश्न सुटत नाही, फक्त लांब जातो. ही गोष्ट नास्तिकालाही मान्य करावी लागते आणि आस्तिकालाही.

आता आपल्या फुग्याकडे परत येतो. २००१ च्या जानेवारीत उडालेल्या त्या फुग्याचे निष्कर्ष विक्रमसिंगे यांनी जुलैत जाहीर केले. २० ऑगस्टला हॉइल वारले. शिष्याच्या देशातून आलेली ही बातमी त्यांना जाण्याआधी पाहायला मिळाली. २० एप्रिल २००५ रोजी इस्रोने दुसरा प्रयोग केला. ४५९ किलोंचे ओझे, त्यातले ३८ किलो द्रवरूप निऑन, निर्जंतुक केलेली आणि आतली हवा काढून टाकलेली पोलादी नळकांडी. निऑनच्या थंडीने बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे नमुने हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासले, म्हणजे एकीची चूक दुसरीत पकडली जावी. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. अतिनील किरणांना त्या चांगल्याच दाद देत नव्हत्या. एकीला हॉइल यांचे नाव दिले, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे.

२००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोने काय म्हटले? या जीवाणूंचा उगम पृथ्वीबाहेर असल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे नेण्यास उत्तेजन मिळते. बस्स, एवढेच. इतक्या वर्षांची मेहनत, आणि निष्कर्ष इतका जपून. मला यात आणि लमेत्र यांच्या अस्वस्थतेत एकच वृत्ती दिसते.

त्यानंतर विज्ञान पुढे गेले आहे. जपानच्या एका प्रयोगात काही जीवाणू अंतराळ स्थानकाच्या बाहेर तीन वर्षे राहून जिवंत निघाले. ते निष्कर्ष २०२० मध्ये आले. बेन्नू या लघुग्रहावरची माती अमेरिकेच्या यानाने २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. आपल्या प्रथिनांत असलेल्या २० अमिनो आम्लांपैकी १४ त्यात सापडल्याचे २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले. जीव सापडला नाही. जिवाचे साहित्य मात्र आकाशात पडलेले आहे, एवढे आता नक्की म्हणता येते.

आणि त्या आर्यभटाच्या नावाच्या जीवाणूचे पुढे काय झाले? तो जमिनीत सापडला! कोरियात सोयाबीनच्या मुळांशी सापडला. आपल्या मध्य भारतातल्या काळ्या जमिनीतही सापडला. जमिनीतले जस्त विरघळवून सोयाबीन आणि गव्हाला मिळवून देण्यासाठी त्याचा उपयोग होतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. जो आधी आकाशात भेटला, तो सोयाबीनच्या मुळाशी काम करताना आढळला. तो मातीतून वर गेला की वरून मातीत आला, हे अजून कुणी सांगू शकत नाही. मातीतून वर गेला असण्याचीच शक्यता बहुतेक शास्त्रज्ञांना अधिक वाटते.

मागच्या आषाढात मी तेरला गेलो होतो. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी बसलो होतो. कुंभाराचे संतपण हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य. देव कुंभार आणि माणूस मडके, हे रूपक बायबलमध्येही आहे आणि आपल्या संतांनाही ते परके नाही. तिथे बसून एक साधी गोष्ट लक्षात आली. कुंभाराला कुणी विचारत नाही की माती कुठल्या तळ्यावरून आणली, आणि तळे सापडले म्हणून मडके आपोआप झाले असेही कुणी म्हणत नाही. त्याच वेळी, माती कुठली हे शोधणाऱ्याला कुंभाराचा शत्रू म्हणण्याचेही कारण नाही.

तो मुलगा आता चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल. कुठे असेल ठाऊक नाही. हे भाषण त्याच्या कानावर पडेल न पडेल. पडले तर त्याला सांगायचे आहे: बाळा, तुझा प्रश्न चांगला होता. त्यावर मोठमोठ्या माणसांनी आयुष्ये घालवली आहेत, त्यांत तुझ्या धर्माचे पुष्कळ होते, आणि त्यांनी दोन्ही पुस्तके उघडी ठेवली. बी वरून आले असले तरी तुझी प्रार्थना खोटी ठरत नाही. ती खरी आहे हेही विज्ञानाच्या तासाला सिद्ध होणार नाही. त्या दिवशी मला एवढेच म्हणता आले असते की "मला माहीत नाही, आपण दोघे मिळून शोधू." शिक्षकाने म्हणायचे ते वाक्य मी म्हणालो नाही. वर्गाला हसू दिले.

माझ्यासारखे जे अजून वर्गात उभे आहेत, त्यांना एवढीच विनंती. शेवटच्या बाकावरून कुणी उभे राहिले, तर त्याला बसवू नका.